उमेदवार, पात्रता आणि मानधन : सहायक प्राध्यापकपदाच्या भरतीतील भाषेची चिकित्सा

समीक्षेने कथा, कविता व कादंबरी यांनाच आपले क्षेत्र मानावे आणि जाहिरात, विनियम, नियुक्तिपत्र यांसारखे व्यवहारगद्य कारकुनी लेखन म्हणून वगळावे, असा एक अलिखित संकेत मराठीत दीर्घकाळ पाळला गेला आहे. वस्तुतः पदव्युत्तर अभ्यासकांच्या वर्गात कोणत्याही कादंबरीपेक्षा अधिक बारकाईने वाचला जाणारा मजकूर म्हणजे सहायक प्राध्यापकपदाची जाहिरात होय. पाच-सहा वर्षे एका विषयाला वाहून घेतल्यावर, मौखिक परीक्षा उरकून पदवीची अधिसूचना हाती आल्यावर, नवा डॉक्टर जे गद्य पुन्हा पुन्हा वाचतो ते हेच. त्यातील एकेका विशेषणावर त्याच्या पुढील पंचवीस-तीस वर्षांचा योगक्षेम अवलंबून असतो. अशा मजकुराची शब्दकळा, वाक्यरचना आणि गृहीते तपासण्यास भाषाविज्ञान जितके अधिकारी आहे तितकीच समीक्षाही आहे.

आरंभ 'उमेदवार' या शब्दापासून करणे सोयीचे. फारसीतून आलेला हा शब्द मुळात 'आशा धरून असलेला' एवढेच सांगतो. मराठीत त्याला जोडून 'उमेदवारी करणे' हा प्रयोग रूढ झाला, आणि त्यात विनावेतन अथवा अल्प वेतनावर काम शिकत राहण्याचा, म्हणजे आशेवर राबण्याचा अर्थ मिसळला. निवडणुकीच्या राजकारणाने या शब्दाला प्रतिष्ठा दिली खरी. परंतु शिक्षणक्षेत्रात त्याचा जुना अर्थ अद्याप पुसला गेलेला नाही. डॉक्टरेट मिळाल्यानंतर एखाद्या महाविद्यालयात तासांवर शिकवत चार-पाच वर्षे काढणारी व्यक्ती दोन्ही अर्थांनी उमेदवार असते: ती अर्जदार आहे आणि उमेदवारीही करीत आहे. इंग्रजीत ज्याला 'कॅन्डिडेट' म्हणतात त्याच्या व्युत्पत्तीत रोमन पांढऱ्या वस्त्राचा उल्लेख येतो. मराठी शब्दात वस्त्र नाही, केवळ आशा आहे.

यानंतर येतात 'अर्हता' आणि 'पात्रता'. जाहिरातींत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. 'शैक्षणिक अर्हता व पात्रता' असे जोडशीर्षकही आढळते. त्यांच्यातील भेद मात्र सूक्ष्म असला तरी उपेक्षणीय नाही. 'अर्ह्' या धातूचा अर्थ योग्य असणे, हक्क असणे. अर्हता ही त्या व्यक्तीची स्वतःची मिळकत असते. 'पात्र' म्हणजे भांडे. आणि त्यावरून दान घेण्यास योग्य असलेला मनुष्य. 'सत्पात्री दान' हा प्रयोग मराठी माणसाच्या नित्य परिचयाचा आहे. पात्रता ही देणाऱ्याच्या दृष्टीने ठरते. भांडे कितीही मोठे असले तरी ओतणारा हात दुसऱ्याचा असतो. अर्हतेचा विचार करणाऱ्या व्यवस्थेने 'यास काय येते?' असे विचारावे आणि पात्रतेचा विचार करणाऱ्या व्यवस्थेने 'यास द्यावयास हरकत आहे काय?' असे विचारावे, हे ओघानेच येते. भरतीचे व्यवहारगद्य पहिला प्रश्न विचारू लागते आणि नकळत दुसऱ्याकडे सरकते. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे, हे पुढील विवेचनावरून दिसेल.

वाक्यरचनेकडे वळावे. 'अर्ज मागविण्यात येत आहेत', 'अपूर्ण अर्ज विचारात घेतले जाणार नाहीत', 'कोणतेही कारण न देता ही जाहिरात रद्द करण्याचा अधिकार राखून ठेवण्यात येत आहे' ही या गद्याची ठरीव वाक्ये. तिन्ही वाक्यांत कर्ता नाही. मागवणारा, विचारात न घेणारा आणि रद्द करणारा कोण, हे व्याकरणदृष्ट्या सांगण्याची आवश्यकताच उरत नाही. इंग्रजी कार्यालयीन शैलीच्या सहवासाने '-ण्यात येणे' या रचनेचा मराठीत अतोनात विस्तार झाला, ही तक्रार जुनी आहे. परंतु तिचे खरे मर्म शैलीच्या बोजडपणात नसून कर्तृत्व लपविण्याच्या सोयीत आहे. या सबंध मजकुरात कर्ता स्पष्टपणे अवतरतो तो बहुधा एकाच ठिकाणी: 'उमेदवाराने मुलाखतीस स्वखर्चाने उपस्थित राहावे.' हा शुद्ध भावे प्रयोग आहे. 'उमेदवाराने' यात कर्त्याची तृतीया आणि 'स्वखर्चाने' यात करणाची तृतीया. मो. के. दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'ने (१९११) प्रयोगविचाराला एवढी पृष्ठे का दिली, हे ज्या विद्यार्थ्यास उमगत नाही त्याने एखादी भरतीची जाहिरात घेऊन बसावे. उमेदवाराला कर्तेपण लाभते ते विध्यर्थात, म्हणजे कर्तव्य आणि खर्च सांगताना. संस्थेला अधिकार लाभतो तो कर्त्याचा लोप करून.

आता मूळ मुद्दा. या गद्यात पदवी, टक्केवारी, प्रवर्ग, दिनांक, प्रतींची संख्या या सर्वांसाठी नामे आहेत. 'प्रबंध' हे नामही क्वचित येते. परंतु 'प्रबंध' कर्म आहे आणि 'वाचणे' क्रियापद आहे असे वाक्य त्यात शोधूनही सापडत नाही. पीएच.डी. 'धारण' केली जाते, 'संपादन' केली जाते, तिची 'साक्षांकित प्रत जोडली' जाते. ज्या ग्रंथामुळे ती मिळाली तो ग्रंथ परीक्षकांच्या हातून सुटल्यावर ग्रंथालयाच्या कपाटात आणि 'शोधगंगे'च्या संचात विसावतो. नियुक्तीच्या प्रवासात त्याच्याशी पुन्हा गाठ पडत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे १८ जुलै २०१८ चे विनियम या दृष्टीने वाचनीय आहेत. त्यांत मुलाखतीस बोलवावयाच्या उमेदवारांची यादी करण्यासाठी गुणांचा तक्ता दिला आहे. विद्यापीठांसाठीच्या तक्त्यात पीएच.डी.ला ३० गुण आहेत, महाविद्यालयांसाठीच्या तक्त्यात २५. हे गुण सर्व प्रबंधांना सारखे. एखाद्या बोलीचे दहा वर्षे हिंडून केलेले वर्णन आणि तीन प्रकाशित ग्रंथांचा सारांश करून सिद्ध केलेला प्रबंध यांच्यात तक्ता भेद करीत नाही. करू शकत नाही, कारण भेद करण्यासाठी वाचावे लागते. शोधनिबंधाला प्रत्येकी २ गुण, विद्यापीठीय तक्त्यात कमाल मर्यादा १०. म्हणजे पाच निबंधांनंतर सहावा लिहिला काय अन् न लिहिला काय, सारखेच. त्याच तक्त्यात पदवी परीक्षेत ८० टक्के वा अधिक असतील तर १५ गुण आणि ६० ते ८० च्या दरम्यान असतील तर १३. म्हणजे विसाव्या वर्षी ७९ ऐवजी ८० टक्के मिळाल्याने पडणारा फरक आणि तिशीत लिहिलेला एक स्वतंत्र शोधनिबंध यांचे मोल अगदी सारखे, दोन गुण. ज्या काळी कला शाखेत प्रथम वर्ग मिळणे हीच वार्ता होती त्या काळातील परीक्षार्थी आणि सढळ गुणांच्या काळातील परीक्षार्थी एकाच रकान्यात शेजारी बसतात, ही गोष्ट निराळीच.

आणि याहून महत्त्वाचे म्हणजे तक्त्याविषयीची टीप. हे गुण केवळ यादी करण्यासाठी आहेत, अंतिम निवड मुलाखतीतील कामगिरीवरच व्हावी, असे २०१८ च्या विनियमांत स्पष्ट म्हटले आहे. ३० गुण दाराशी पोहोचवितात आणि दारातच गळून पडतात. मुलाखतीत शिकविण्याची व संशोधनाची क्षमता व्याख्यान, चर्चासत्र वा चर्चा यांद्वारे अजमावता येईल अशी तरतूद आहे. अध्यापनात अद्ययावत तंत्रज्ञान वापरण्याच्या क्षमतेचाही तेथे उल्लेख आहे. मुलाखत हे वाईट साधन आहे असे नव्हे. समोरासमोरच्या दहा मिनिटांत जाणता परीक्षक पुष्कळ काही ओळखू शकतो. परंतु ज्याने उमेदवाराचे एक पानही वाचलेले नाही तो त्या दहा मिनिटांत उमेदवाराचे उच्चार, वेशभूषा, मार्गदर्शकाचे नाव आणि गाव यांखेरीज आणखी काय ओळखणार?

विनियमकर्त्यांच्या मनातही पीएच.डी.चे स्थान निश्चित नव्हते, हे पुढील घटनांनी दाखविले. विद्यापीठीय विभागांतील थेट नियुक्तीसाठी ही पदवी १ जुलै २०२१ पासून अनिवार्य होणार होती; महामारीमुळे ती मुदत १ जुलै २०२३ पर्यंत पुढे गेली; आणि ती मुदत येताच दुरुस्ती होऊन नेट, सेट वा स्लेट ही किमान अट ठरली व पीएच.डी. ऐच्छिक झाली. या पाच वर्षांत ज्यांनी 'अनिवार्य' या शब्दावर विश्वासून प्रवेश घेतला त्यांचे प्रबंध पूर्ण होईपर्यंत शब्द बदलला होता. एम.फिल. ही पदवी तर २०२२ च्या विनियमांनी बंदच केली.

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकास यातील सर्वांत बोचणारा भाग मात्र निराळा आहे, आणि तो एका विशेषणाचा आहे. २०१८ चे विनियम पदव्युत्तर पदवी 'कन्सर्न्ड / रेलेव्हंट / अलाइड' विषयातील असावी असे म्हणतात. तीन विशेषणे, मध्ये दोन तिरप्या रेषा. ही तिन्ही समानार्थी नाहीत. पहिल्याने विषय तोच असावा असे सूचित होते, दुसऱ्याने प्रस्तुत असावा, तिसऱ्याने केवळ नात्यातला असावा. तिरपी रेघ 'किंवा' म्हणते की 'म्हणजेच' म्हणते, हे लिहिणाऱ्याने सांगितले नाही. मराठी जाहिरातीत तिन्हींच्या जागी एकच शब्द येतो, 'संबंधित'. अनुवादात दोन रेषा आणि दोन दारे नाहीशी झाली. कोणाचा संबंध, किती, आणि कोणाच्या मते, हे प्रश्न छाननी करणाऱ्या लिपिकाच्या टेबलावर जाऊन पडतात.

महाराष्ट्रात भाषाविज्ञानाचे स्वतंत्र विभाग बोटांवर मोजण्याइतके. या विषयाचे अध्यापन मुख्यतः मराठी, हिंदी, संस्कृत व इंग्रजी विभागांच्या अभ्यासपत्रिकांतून होते. मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास स्वनिम, रूपिम व वाक्यविचार शिकावाच लागतो. परंतु मराठीच्या एखाद्या बोलीच्या स्वनव्यवस्थेवर प्रबंध लिहिलेला अभ्यासक, ज्याची एम.ए. व नेट भाषाविज्ञानात आहे, तो मराठी विभागाच्या जागेस अर्ज करतो तेव्हा तो 'संबंधित' ठरेल याची शाश्वती नसते; नेटमध्ये मराठी आणि भाषाविज्ञान हे दोन भिन्न विषय आहेत, हे कारण पुरेसे होते. उलट मराठी साहित्यात एम.ए. करून भाषाविज्ञानात डॉक्टरेट घेतलेल्यास भाषाविज्ञानाच्या विभागात हीच अडचण. अशा रीतीने अभ्यासपत्रिका सक्तीची राहते आणि ती शिकविण्यासाठी घडलेला मनुष्य दोन विभागांच्या उंबरठ्यांमध्ये उभा राहतो. पत्रिका अखेर ज्याच्या वाट्याला येते तो कथात्म साहित्याचा अभ्यासक असतो. बिचारा दरवर्षी त्याच जुन्या टिपणांवर ती निभावून नेतो, आणि विद्यार्थी 'भाषाविज्ञान रुक्ष आहे' असे मत बनवून बाहेर पडतात.

हे सदैव असेच होते असे नाही. १९५० च्या दशकाच्या मध्यास डेक्कन कॉलेजात रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साह्याने भाषाविज्ञानाचे जे प्रशिक्षणवर्ग भरले त्यांतील अभ्यासक निरनिराळ्या भाषांच्या विभागांतून आले होते, आणि आधुनिक भारतीय भाषाविज्ञानाची पहिली फळी त्यांतूनच उभी राहिली. अशोक केळकर यांनी इंग्रजी साहित्याचे अध्ययन करून १९५८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या स्वनविचारावर व रूपविचारावर प्रबंध सादर केला, आग्रा येथे अध्यापन केले आणि १९६२ पासून डेक्कन कॉलेजात दीर्घकाळ काम केले. आजच्या संगणकीय अर्जात 'पदव्युत्तर विषय' या रकान्यापुढे 'इंग्रजी' आणि 'ज्या पदासाठी अर्ज आहे तो विषय' यापुढे 'भाषाविज्ञान' असे लिहिणाऱ्या तरुणास छाननीत कोणता शेरा मिळेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

नियमित जागा मिळेपर्यंतच्या काळासाठी जी परिभाषा सिद्ध झाली आहे तिचाही परामर्श घ्यावयास हवा. 'तासिका तत्त्वावर' या प्रयोगात 'तत्त्व' हा शब्द केवळ 'पद्धत' या अर्थी उरला आहे. जे नित्य व अविकारी ते तत्त्व, असे दर्शनांचे विद्यार्थी शिकतात. येथे दरवर्षी नव्याने द्यावयाची, सत्र संपताच संपणारी, सुट्टीच्या महिन्यांत काहीच न देणारी नेमणूक तत्त्वावर उभी असते. घेतलेल्या प्रत्येक तासाची मोजणी होते. उत्तरपत्रिका तपासणे, विद्यार्थ्याला ग्रंथ शोधून देणे, स्वतः वाचणे ही तासिका नव्हेत.

या कामाबद्दल जे मिळते त्यास 'वेतन' म्हणत नाहीत, 'मानधन' म्हणतात. हा सामासिक शब्द लक्षणीय आहे. संस्कृतात 'मानधन' हा बहुव्रीही: मान हेच ज्याचे धन आहे असा पुरुष. रघुवंशाच्या पाचव्या सर्गात कालिदासाने रघूला अशा मानधन पुरुषांतील अग्रेसर म्हटले आहे. प्रसंगही पाहण्यासारखा आहे. वरतंतूचा शिष्य कौत्स विद्या पूर्ण करून गुरुदक्षिणेच्या चौदा कोटींसाठी राजाकडे येतो. विश्वजित यज्ञात सर्वस्व देऊन बसलेल्या रघूजवळ अर्घ्यासाठी मातीचे पात्र तेवढे उरले आहे. विद्या संपवून आलेला तरुण, दाता, पात्र आणि मानधन हे आजच्या भरतीचे चारही शब्द त्या सर्गात एकत्र भेटतात. भेद इतकाच की तेथे मातीचे पात्र दात्याच्या हाती आहे आणि रिक्तहस्त परत जाऊ पाहणाऱ्या स्नातकास राजा थांबवून ठेवतो. आधुनिक मराठीत बहुव्रीहीचा तत्पुरुष झाला: मानासाठी दिलेले धन. व्याख्यानमालेच्या वक्त्यास नारळ-शालीसह जे पाकीट दिले जाते त्यास हा शब्द शोभतो, कारण त्याचा चरितार्थ त्यावर चालत नाही. ज्याचे घरभाडे त्यावरच भागायचे आहे त्याच्या कमाईस मानधन म्हणण्यात मान कोणाचा राखला जातो? वेतन म्हटले की वेतनश्रेणी, रजा, भविष्यनिर्वाह या शब्दांची मालिका मागोमाग येते. मानधन म्हटले की ती खंडित होते. शब्दाची निवड येथे हिशेबाचे काम करते.

आणि हा हिशेब पुढेही चालू राहतो. २०१८ च्या विनियमांत थेट नियुक्ती व पदोन्नती यांसाठी पूर्वसेवा मोजण्याचे नियम आहेत. तात्पुरत्या सेवेबाबत त्यांतील एक अट अशी, की त्या काळात मिळालेले एकूण वेतन नियमित अध्यापकाच्या मासिक वेतनाहून कमी नसावे. नियमाचा हेतू नाममात्र नेमणुका रोखण्याचा असू शकेल. परिणाम मात्र असा, की ज्यास कमी दिले त्याची सेवा सेवाच नव्हे. दहा वर्षे तासिका तत्त्वावर ज्याने पदवीचे वर्ग शिकविले त्याचे अध्यापन विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकांत आढळेल, महाविद्यालयाच्या वेळापत्रकात आढळेल. त्याच्या स्वतःच्या सेवाकालात आढळणार नाही. मानधन हा शब्द आरंभी सौजन्याने वापरलेला असतो. शेवटी तोच पुरावा म्हणून विरुद्ध बाजूस उभा राहतो.

या लिखित भाषेच्या खाली एक बोलभाषा वाहते, आणि ती अधिक प्रामाणिक आहे. शिक्षकांच्या खोलीत कोणी 'अर्ज मागविण्यात येत आहेत' असे म्हणत नाही. तेथे जागा 'निघते', 'सुटते', 'भरते'. जाहिरात 'कुणासाठी निघाली' असे विचारले जाते. '-साठी' हे शब्दयोगी अव्यय लिखित जाहिरातीत पदाला आणि विषयाला लागते, बोलीत व्यक्तीला. ज्या देवघेवीची चर्चा उघडपणे होते तिला तेथे 'विकासनिधी' असे सभ्य नाव असते. भालचंद्र नेमाडे यांच्या 'बिढार' (१९७५), 'जरीला' (१९७७) आणि 'झूल' (१९७९) या कादंबऱ्यांनी ही बोली प्रथम विस्ताराने मराठी साहित्यात आणली. त्यांतील चांगदेव पाटील हा इंग्रजीचा अध्यापक एका महाविद्यालयातून दुसऱ्यात बिऱ्हाड हलवीत राहतो. त्या काळी डॉक्टरेटचा आजच्याइतका बडिवार नव्हता. परंतु संस्थाचालकाचा शब्द आणि छापील कागद यांतील अंतर या कादंबऱ्यांनी जितके ओळखले तितके शिक्षणविषयक अहवालांनी क्वचितच ओळखले. मराठी समीक्षेने या कृतींची चर्चा देशीयता व अस्तित्ववाद यांच्या अनुषंगाने पुष्कळ केली. नोकरीच्या भाषेचे दस्तऐवज म्हणून त्यांचे वाचन अद्याप व्हावयाचे आहे.

जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या विनियमांचा मसुदा चर्चेसाठी प्रसिद्ध केला. त्यात पदवी वा पदव्युत्तर विषय भिन्न असला तरी ज्या विषयात नेट किंवा पीएच.डी. आहे त्या विषयाच्या पदासाठी उमेदवार पात्र समजावा, अशी तरतूद सुचविली होती. मसुद्यावर कुलगुरुनिवडीच्या मुद्द्यावरून एवढा गदारोळ झाला की या तरतुदीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. वर सांगितलेल्या उंबरठ्यांपैकी निदान एक तिने हटला असता. तथापि ती 'पात्र कोण?' या प्रश्नाचेच अधिक उदार उत्तर आहे. 'याने काय लिहिले आहे?' हा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही.

त्या प्रश्नासाठी नव्या विनियमाची वाट पाहण्याचे कारण नाही. विद्यापीठीय विभागाने आपल्या जाहिरातीत एक वाक्य वाढवावे: 'उमेदवाराने आपल्या प्रबंधातील एक प्रकरण अर्जासोबत पाठवावे.' प्रयोग कर्मणी होईल, तृतीया मात्र तीच. ते प्रकरण विषयतज्ज्ञांनी मुलाखतीपूर्वी वाचले, अशी नोंद वाचणाऱ्याच्या नावासह, म्हणजे कर्त्याचा लोप न करता, समितीच्या इतिवृत्तात व्हावी. यादीत वीस उमेदवार असल्यास हे वाचन सुमारे आठशे पृष्ठांचे होईल. तीन तज्ज्ञांत वाटल्यास एका आठवड्याचे काम.